टॉवेलचा कोपरा

“हॉइट, हलू नका हो. अजून मी हातसुद्धा लावला नाही, आणि तुम्ही कण्हायला लागलात.”

“लावणारेस म्हणूनच कण्हतोय. बोटं आहेत की बर्फाच्या कांड्या?”

दवाखान्यातली मदतनीस लेटा प्रुइट हिने दोन्ही तळवे पँटवर खसाखसा चोळले आणि हॉइट लेडबेटरच्या उघड्या पोटावर ठेवले. हॉइट टेबलावर उताणा पडला होता. सत्तरी ओलांडलेला, गुरांमागे धावून धावून वाळल्या शेंगेसारखा झालेला माणूस. आठवडाभर त्याची पाठ धरली होती, आणि ती गवताचे भारे उचलल्यामुळेच धरली आहे याबद्दल त्याची पक्की खात्री होती. दुखणं पाठीचं असलं तरी आधी पोट चाचपायचं, ही डॉक ट्रूएटची शिस्त. पाठीला आतून ओढून धरणारे स्नायू पोटाच्या बाजूनेच हाताला लागतात.

बेंबीच्या वर तिचा तळवा थांबला. आत काहीतरी ठोके देत होतं. जाड, रुंद, संथ. बारीक माणसांच्या पोटात नाडी हाताला लागते, हे तिला ठाऊक होतं. तिने तळवा थोडा सरकवला. ठोके तिथेही होते.

“तुमच्या अंगावर काही मांस उरलंय का, हॉइट? पोटातून पाठ लागतेय हाताला.”

“ते माझ्या बायकोला, व्हर्नेलला सांग. कुठल्याशा मासिकात काय वाचलं, तेव्हापासनं मला पाला खायला घालते. गुरं पाळतो मी, आणि गोठ्यातला चारा माझ्याच ताटात!”

“व्हा पालथे.”

हॉइट कुथत पालथा झाला. लेटाने डोळे मिटले आणि मणक्याच्या दोन्ही अंगांनी बोटं सावकाश खाली आणली. डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीखाली, स्नायू तारेसारखा ताणला होता. तिने गरम टॉवेल काढून पाठीवर पसरला. मग त्याचा एक कोपरा असा दुमडला, की त्याचं टोक बरोबर त्या जागेवर यावं. पोटातल्या ठोक्यांचं काय करायचं, ते तिला कळलं नाही. टॉवेलच्या कोपऱ्याला एकच गोष्ट सांगता येत होती: इथे घट्ट आहे.

डॉक आत आले. उंच, किंचित वाकलेले, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी टॉवेलकडे एक नजर टाकली, टॉवेल उचलला आणि दोन्ही अंगठे नेमके त्या जागी टेकवले.

“इथेच ना रे?”

“च्यायला, डॉक! मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही!”

“तुझं तोंड बंद कधी होतं, हॉइट?”

नंतर त्यांनी हॉइटला पुन्हा उताणा केला, पोटावर हात ठेवला आणि सवयीप्रमाणे छताकडे बघत जरा वेळ उभे राहिले. लेटा कपाटापाशी हातमोज्यांचा खोका लावत होती.

“इकडे सगळं ठीक आहे,” डॉक म्हणाले.

स्लेट क्रीकमध्ये म्हणतात, डॉक ट्रूएटच्या बोटांना डोळे आहेत. मिझुरीच्या दक्षिणेकडच्या त्या डोंगराळ मुलखात म्हणी काटकसरीने वापरतात, पण ही एक मात्र सढळ हाताने. ऑस्टिओपॅथीचा डॉक्टर म्हणजे एरवी कुठल्याही डॉक्टरासारखाच. गोळ्या देतो, टाके घालतो, बाळंतपणं करतो. पण त्याला एक विद्या जास्तीची शिकवतात. हातांनी शरीर वाचायचं, आणि जिथे अडलं असेल तिथे हातांनीच सोडवायचं. डॉकनी या गावातल्या तीन पिढ्यांच्या पाठी अशा वाचल्या होत्या. लोक लांबच्या तालुक्यांतून जुन्या ट्रकमध्ये उशा टाकून, कण्हत कुथत यायचे आणि परत जाताना शिट्टी वाजवत जायचे.

दोन हिवाळ्यांपूर्वी एका सकाळी लेटाला जळका वास आला. डॉक कॉफीची शेगडी चालू ठेवून तिच्यावर हात टेकून उभे होते, खिडकीतून बाहेरचे रानटी टर्की पक्षी बघत. हात भाजत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. साखरेचा आजार जुनाच होता. लोकांना गोड सोडा म्हणून दटावणारा हा माणूस स्वतः मात्र दुपारचा पाईचा तुकडा सोडत नसे. आधी पायांची बोटं गेली, मग हातांची. गेली म्हणजे दिसायला जागच्या जागी होती. त्यांना कळायचं बंद झालं होतं.

त्यानंतर एकदा त्यांनी एका बाईची नको ती बरगडी धरली. बाई काही बोलली नाही, पण लेटाने पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून रोगी तयार करताना ती टॉवेलचा कोपरा दुमडू लागली. डॉकनी पहिल्यांदा तो कोपरा पाहिला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि अंगठे तिथे ठेवले. यावर दोघं कधी एक अक्षर बोलले नाहीत. हाताला काय लागतं ते लेटाला कळे, त्याचा अर्थ डॉकना कळे. दोघांचा मिळून एक डॉक्टर होता, आणि गावाला त्यातला अर्धाच दिसत होता.

तर अशा वेळी लेटाला ऑस्टिओपॅथीच्या दोन कॉलेजांनी प्रवेश दिला.

ती बत्तीस वर्षांची होती. याआधी दोनदा अर्ज करून तोंडावर पडली होती. तिसऱ्यांदा लागोपाठ दोन होकार आले. पहिला आला तेव्हा ती दवाखान्यात सुयांचे खोके रिकामे करत होती. तिने फोनवर तो वाचला, फोन खिशात टाकला आणि उरलेले खोके रिकामे केले. घरी सांगितल्यावर तिची आई आर्डिथ इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारचा कुत्रा भुंकू लागला. लेटाने विचारलं, जेवायला काय आहे. दुसरा होकार आला तेव्हाही तसंच. आपल्याला आनंद कसा होत नाही याचं तिला नवलसुद्धा वाटत नव्हतं. दाताला भूल दिल्यावर आपलाच गाल परक्याचा वाटतो, तसं काहीतरी आत झालं होतं.

पहिलं कॉलेज नवं होतं, पाऊण तासाच्या रस्त्यावर, शेजारच्या शहरात. दुसरं उत्तरेचं, जुनं. डॉक स्वतः तिथे शिकले होते. त्यांच्या वर्गाचं छायाचित्र दवाखान्याच्या भिंतीवर होतं आणि त्यातला सर्वांत लांब मानेचा मुलगा म्हणजे डॉक. तिकडे ऑगस्टमध्ये नव्या विद्यार्थ्यांना मंचावर बोलावून पांढरा कोट घालतात. एरवी कॉलेजचेच कोणी मास्तर घालतात; पण विद्यार्थ्याचं आपलं माणूस ऑस्टिओपॅथ असेल, बाप, मावशी, गुरू, तर त्याने वर यायचं आणि आपल्या हाताने कोट चढवायचा. लेटाला कामावर ठेवलं त्या वर्षापासून डॉक म्हणत आले होते, “कोट मी घालणार हां. मेलो असलो तरी येईन.” जवळच्या कॉलेजचा होकार आला, आणि त्या दिवसापासून त्यांनी कोटाचं नाव काढलं नव्हतं.

हॉइट गेला आणि दुपारी रोगी थांबले, तेव्हा दोघं मागच्या खोलीत कॉफी घेऊन बसले. बाहेर डॉगवुडच्या फुलांनी कुंपण पांढरं झालं होतं.

“शुक्रवारपर्यंत ना गं?” डॉकनी विचारलं.

“हो. दोन्ही जागा अडवून नाही ठेवता येत. एक सोडायची.”

“मग दे सोडून उत्तरेची. त्यात एवढा विचार कसला?”

लेटा कपाकडे बघत राहिली. डॉक घाईघाईने पुढे बोलू लागले.

“आता सगळीकडे शिकवतात तेच. हाडं तीच, पुस्तकं तीच. जवळचं कॉलेज म्हणजे आईपाशी राहशील. खर्च वाचेल. आणि शनिवारी मोकळीच असशील की तू. मी आपले सगळे पाठीचे रोगी शनिवारी ठेवीन.” त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला होता आणि धरलाय की नाही ते डोळ्यांनी बघत होते. “म्हणजे तुझा सराव राहील, म्हणून म्हटलं.”

“बरं.”

“बरं म्हणजे?”

“बरं म्हणजे बरं, डॉक. शनिवारी येईन.”

तिला वाईट वाटायला हवं होतं, किंवा राग तरी. तिने आत चाचपून पाहिलं. काही लागलं नाही. मग बोलायला काहीतरी हवं म्हणून ती म्हणाली, “हॉइटला काहीतरी खायला सांगा. फारच वाळलाय. पोटावर हात ठेवला तर ही धडधड हाताला. एवढी नाडी मी कुणाच्या पोटात पाहिली नव्हती.”

डॉकचा कप टेबलावर आला.

“कुठे?”

“बेंबीच्या वर.”

“किती रुंद? दाखव मला. हाताने दाखव.”

लेटाने दोन्ही हातांची बोटं समोरासमोर धरली. मधलं अंतर एखाद्या मोठ्या लिंबाएवढं होतं. डॉक त्या अंतराकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा उतरत गेला.

“दोन्ही बोटं बाजूला ढकलली जात होती? प्रत्येक ठोक्याला?”

“हो.”

“देवा रे,” डॉक म्हणाले आणि उठताना खुर्ची पाडून फोनकडे गेले.

हॉइटच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती, सायकलची ट्यूब एका जागी फुगावी तशी. पाठ त्यामुळेच दुखत होती. गवताचे भारे बिचारे निर्दोष होते. व्हर्नेलने त्याला गोठ्यातून ओढून काढलं. तो शिव्या देत होता, गाय व्यायला झालीय म्हणत होता. हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात उतरलं आणि त्याला शहरात घेऊन गेलं. तिथल्या सर्जनने नंतर सांगितलं, आज आणला नसता तर उद्या आणायची गरज पडली नसती.

ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. चारा-बियाण्यांच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, आर्डिथ जिथे वाढपी होती त्या शाळेच्या भोजनगृहात एकच विषय. मशीन न लावता, रक्त न काढता, नुसता हात ठेवून डॉकनी ओळखलं! दवाखान्यात पाई यायला लागल्या. पायी चालत नव्हे, खायच्या पाई. रुबार्बच्या, सफरचंदाच्या, पेकानच्या. साखरेच्या रोग्याला गावाने असा प्रेमाचा मारा सुरू केला.

डॉक एकाही पाईला शिवले नाहीत. ते कोणाशी धड बोलतही नव्हते. पाठीचा रोगी आला की “आज नको, सोमवारी ये” म्हणत, आणि कोणी पाठ थोपटली तर बाजूला सरत.

“म्हाताऱ्याला झालंय काय?” गुरुवारी संध्याकाळी आर्डिथने विचारलं. ती गरम, पावासारख्या बिस्किटांवर ग्रेव्ही ओतत होती. “व्हर्नेल म्हणाली, मी आभार मानायला गेले तर तोंड फिरवलं.”

“दमलेत.”

“दमलेत! अगं, एवढं मोठं नाव झालं माणसाचं, आणि तोंड बघावं तर सुतकातलं. आणि दुसरं सांग. अख्खं गाव धरून चाललंय की तू त्यांच्या कॉलेजात जाणार. आणि ते स्वतः म्हणतायत जवळचं घे. तुमचं काय चाललंय दोघांचं? कुठेतरी पाणी मुरतंय, लेटा.”

“काही मुरत नाही. जवळचं सोयीचं आहे.”

“कुणाच्या?”

लेटाने बिस्किट मोडलं.

“हे बघ, मला तू जवळ हवीयेस,” आर्डिथ म्हणाली. “खोटं कशाला बोलू? तू गेलीस तर मी या घरात भिंतींशी बोलणार. पण मी तुला सांगतेय का, राहा म्हणून? तुला स्वतःला काय वाटतं ते बोल.”

“काहीच वाटत नाही गं आई.”

“असं कसं काहीच नाही?”

“खरंच नाही. हे की ते, दोन्ही सारखंच. उद्या जवळच्या कॉलेजला कळवते आणि सुटते.”

आर्डिथने ग्रेव्हीचं भांडं खाली ठेवलं आणि लेकीच्या कपाळावर हात ठेवला, ताप बघतात तसा. ताप नव्हता. ती बसली आणि जेवू लागली.

शुक्रवारी सकाळी व्हर्नेल लेडबेटर आणखी एक पाई घेऊन आली. हॉइट शुद्धीवर आला होता. परिचारिकेशी भांडला होता, म्हणजे वाचणार हे नक्की. व्हर्नेलने पाई लेटाच्या हातात कोंबली, सरळ डॉकच्या खोलीत शिरली आणि त्यांचे दोन्ही हात धरून आपल्या गालांवर ठेवले.

“ही बोटं सोन्याने मढवली पाहिजेत, डॉक. माझा नवरा राखला हो यांनी.”

तिचे डोळे वाहत होते. डॉकची बोटं त्यात भिजली. लेटा दारात उभी होती आणि डॉक तिच्याकडे बघत होते, बुडणारा माणूस काठावरच्या माणसाकडे बघतो तसे. व्हर्नेल गेल्यावर त्यांनी स्वतः जाऊन दारावरची पाटी उलटी केली. दवाखाना बंद.

“टेलिफोनची डिरेक्टरी आण,” ते म्हणाले.

लेटाला कळलं, कशाला. प्रत्येक ऑस्टिओपॅथने कधी ना कधी हे केलेलं असतं. डोक्याचा एक केस काढायचा, डिरेक्टरीच्या पानाखाली ठेवायचा आणि डोळे मिटून वरून बोटांनी शोधायचा. सापडला की आणखी एक पान. मग आणखी एक. असं करत बोटं शहाणी होतात. ती कामाला लागली तेव्हा डॉकनी तिला महिनाभर दुसरं काही शिकवलं नव्हतं. “रोगी खोटं बोलतात, केस बोलत नाही,” ते म्हणायचे. त्या वेळी ते स्वतः पानांचा गठ्ठा उचलून त्याखालचा केस शोधत आणि लहान पोरासारखे खूश होत.

तिने डिरेक्टरी टेबलावर उघडली. डॉक समोर बसले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

“एकच पान. डोळे मिटतो मी. ठेव.”

“डॉक, राहू द्या ना.”

“ठेव.”

तिने आपला एक केस उपटला, तपकिरी, लांब. तो उजव्या पानाखाली, वरच्या अंगाला आडवा ठेवला आणि वरून पान बसवलं. एवढ्या पातळ कागदाखालून तो जवळजवळ डोळ्यांनीही दिसत होता.

“ठेवला.”

डॉकची बोटं पानावर उतरली. ती सुंदर होती, अजूनही. लांब, स्वच्छ, नखं नीट कापलेली. एका कडेवर भाजल्याचा डाग. ती नावांवरून, नंबरांवरून सावकाश फिरू लागली. वरून खाली, मग आडवी. केसावरून दोनदा गेली. पुढे गेली. डॉकच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी पानाच्या खालच्या कोपऱ्यात बोट थांबलं आणि त्यांनी ते दाबून धरलं.

“इथे,” ते म्हणाले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. “इथे आहे ना गं?”

एक ‘हो’ म्हणायचा अवकाश होता. दोन वर्षं ती तेच म्हणत आली होती, तोंडाने नाही, टॉवेलने. एवढं एक ‘हो’, की सोमवारी हॉइटच्या जागी दुसरं कोणी त्या टेबलावर झोपेल, ती कोपरा दुमडेल, मग शनिवारमागून शनिवार. आणि एखाद्या शनिवारी तिच्या हाताला असं काही लागेल की ज्याचा अर्थ तिला कळणार नाही, आणि ती कॉफी पिताना बोलायला विसरेल.  इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला आत काहीतरी लागलं, आणि ते दुखत होतं.

“नाही, डॉक,” ती म्हणाली.

त्यांनी डोळे उघडले.

“कुठे मग?”

तिने त्यांचं बोट धरलं, वर नेलं आणि केसावर ठेवलं. त्यांनी ते तिथे हलवून पाहिलं, मागे, पुढे, हळूच, जोरात. रस्त्यावरचा एक ट्रक खडखडत गेला आणि खिडकीची काच थांबेपर्यंत थरथरली.

“काही नाही,” डॉक म्हणाले. “काहीसुद्धा नाही.”

लेटा रडत होती. ते तिला गाल ओला झाल्यावर कळलं.

“मी त्याच्या पोटावर हात ठेवला होता,” डॉक म्हणाले. “ठेवला होता ना? तुझ्यासमोर. आणि म्हणालो, ठीक आहे. माझ्या हाताखाली मरण ठोके देत होतं, लेटा, आणि मी छताकडे बघत होतो. तू सहज बोललीस म्हणून. आणि बोललीच नसतीस तर?”

“मी आधीच सांगायला हवं होतं. टॉवेलचं मीच सुरू केलं.”

“तू कोपरा दुमडलास. बघून न बघितल्यासारखं मी केलं. वयाने मोठा कोण आहे इथे?” त्यांनी पान उलटलं, केस चिमटीत धरायचा प्रयत्न केला आणि तो जमेना तसा सोडून दिला. “मी तुला जवळचं कॉलेज का सांगत होतो, माहितीये ना तुला?”

“माहितीये.”

“आणि तरी हो म्हणालीस?”

“तुमचं दुकान बंद झालं असतं, डॉक.”

“गाढव आहेस,” डॉक म्हणाले. त्यांनी डिरेक्टरी मिटली आणि बाजूला सारली. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “उत्तरेला थंडी फार. तुझा तो खुंटीवरचा पातळ कोट चालणार नाही तुला तिथे. नदीवरचा वारा हाडात शिरतो. आईला सांग, जाडसा घेऊन द्यायला.”

लेटाने फोन काढला. जवळच्या कॉलेजची जागा तिने सोडली. चार ओळी लिहायला तिला वेळ लागला, कारण अक्षरं पुसट दिसत होती.

सोमवारी दवाखान्याच्या दारावर नवा कागद लागला. डॉक ट्रूएट यापुढे हातांनी उपचार करणार नाहीत. जूनअखेर दवाखाना बंद होईल, कागदपत्रं घेऊन जावीत. गावाने तर्क लढवले. कोणी म्हणालं, हॉइटच्या वेळी ताण आला असणार. कोणी म्हणालं, मोठ्या नावावर थांबावं हे शहाणपणच. डॉकनी हॉइटला आणि व्हर्नेलला घरी जाऊन सगळं सांगितलं, बोटांचंही, टॉवेलचंही.  हॉइट म्हणाला, “म्हणजे ती थंडगार बोटं! तरीच.” यानंतर व्हर्नेलने पुन्हा पाई पाठवली नाही. पण हॉइटने वासराचं मांस पाठवलं, अर्धं डॉकना आणि अर्धं प्रुइटांकडे.

ऑगस्टमध्ये आर्डिथने गाडी चालवली. मागच्या सीटवर डॉक जुन्या काळ्या सुटात बसले होते आणि वाटभर तिच्या चालवण्याला नावं ठेवत होते. “खाली उतरवीन हां, चालत जा,” असं आर्डिथ तीनदा म्हणाली. ती खुशीत होती, आणि पेट्रोल भरायला थांबली की पंपाआड जाऊन डोळे पुसत होती.

सभागृह भरलेलं होतं. नाव पुकारलं की एकेक जण मंचावर जाई, कोणीतरी कोट चढवी, टाळ्या होत, पुढचं नाव. लेटा प्रुइटचं नाव आलं आणि सोबत डॉक्टर हार्लन ट्रूएट यांचंही, त्यांच्या पदवीच्या वर्षासकट. त्याच सुमारास तिथे शिकलेले काही म्हातारे सभागृहात उठून उभे राहिले. डॉक पायऱ्या बघत बघत वर चढले; पायही आता त्यांना डोळ्यांनीच ठेवावे लागत.

त्यांनी कोट उघडून धरला. लेटाने पाठमोरी होऊन हात घातले, आधी उजवा, मग डावा. डॉकनी तो खांद्यावर ओढला आणि दोन्ही हात खांद्यांवरून फिरवले. कॉलर आत दुमडली गेली होती. मानेला ती जाड घडी तिला टोचत होती. डॉकच्या बोटांनी तिच्यावरून जाऊन काही ओळखलं नाही. बोटं पुन्हा फिरली. टाळ्या विरल्या. मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं आणि नावं वाचणाऱ्या बाईने कागदावरून मान वर केली.

एका बोटाचं काम होतं. लेटाचा हात उठला आणि तिने तो खाली घेतला. दोन्ही हात अंगालगत सरळ सोडून ती उभी राहिली.

मागे डॉकनी खिशातून चष्मा काढल्याचा आवाज झाला. ते वाकले. त्यांचा श्वास तिच्या मानेवर आला. मग त्यांनी ती कॉलर बघून, अख्ख्या मुठीत धरून, हळूच बाहेर ओढली आणि सपाट केली.

“बसला का गं नीट?”

“बसला, डॉक.”

त्यांचा हात तिच्या पाठीवर, मानेच्या जरा खाली, क्षणभर राहिला. त्यांना काही कळत नसणार. हात गरम होता, आणि ते तिला कळत होतं.